टाकी दिसते का

१९ ऑक्टोबर

कचेरीच्या नोंदवहीत विमान कधी आलं, कधी गेलं, किती माणसं चढली आणि किती उतरली एवढंच लिहायचं असतं. माणसं काय बोलली त्याला रकाना नाही. म्हणून ही वेगळी वही उघडली. बायको म्हणाली, "बस डेपोत इतकी वर्षं काढलीत, तेव्हा कधी लिहावंसं वाटलं नाही ते?" आता तिला काय सांगणार? बस सुटली की लोक नाकाला रुमाल लावतात. विमान सुटलं की माना वर करून बघतात.

आमचं गाव डोंगरांच्या मध्ये, वाटीच्या तळाशी असावं तसं. शहर घाटरस्त्याने आठ तास लांब. विमानाने चाळीस मिनिटं. एकोणीस खुर्च्यांचं छोटं विमान आहे. ते रात्री इथे मुक्कामाला असतं, सकाळी शहरात जातं, दहाच्या सुमाराला परत येतं, दुपारी आणखी एक फेरी. कंपनीचा इथला व्यवस्थापक मी. तिकिटं, सामान, तक्रारी आणि मुख्य कचेरीतल्या मोठ्या साहेबांचे फोन, सगळं माझ्या डोक्यावर.

आणि कॅप्टन आमचे दाजी. गावात म्हणतात, मेहुण्याने दाजीला चिकटवून घेतलं. खरं उलटं आहे. दाजी सपाट मुलखात मालवाहू विमान चालवत होते, बरं चाललं होतं त्यांचं. मी ताईच्या मागे भुणभुण लावली, इकडे या, एका गावात राहू. आई गेल्यावर ताईनेच मला वाढवलं. ती जवळ असावी एवढाच माझा स्वार्थ. आता ती दोन गल्ल्या पलीकडे राहते, भाची इथल्या शाळेत जाते, आणि दाजी रोज सकाळी माझ्या टेबलावर टोपी ठेवून चहा पितात.

दाजी म्हणजे कुलूप लावल्यावर तीनदा ओढून बघणारा माणूस. ताकच काय, पाणीही फुंकून पितील. मी चिडवतो, ते ऐकून घेतात. मेहुण्याने थट्टा करायची आणि दाजीने सोसायची, ही रीतच आहे.

आज आकाश धुतल्यासारखं होतं. दोन्ही फेऱ्या भरून गेल्या.

६ नोव्हेंबर

आज पहिलं धुकं. सकाळचं विमान दीड तास उशिरा सुटलं.

आमच्या धावपट्टीला मनोरा वगैरे काही नाही. हवामान खात्याचा एक माणूस आहे. तो दर अर्ध्या तासाने गच्चीवर जाऊन किती लांबचं दिसतं ते बघतो आणि रेडिओवर कॅप्टनला सांगतो. उतरायचं की नाही ते कॅप्टन ठरवतो. या गृहस्थाच्या गळ्यात ऑक्टोबरपासूनच नाकापर्यंत मफलर असतो, म्हणून सगळे त्याला मफलरच म्हणतात. सरळ बोलणं त्याला जमत नाही. "नमस्कार" म्हटलं तरी आधी खोकतो, मग विचार करतो.

गच्चीवरून कुंपण, मग पत्र्याची शेड, मग गावाची पाण्याची टाकी. टाकी बरोबर आठशे मीटरवर आहे. ती दिसत नसेल तर विमान सोडायचं नाही आणि उतरवायचंही नाही, असा नियम. आज मी वर गेलो तर टाकी दिसत होती. म्हटलं, "ही काय टाकी, सोडा की विमान."

मफलर खोकला. म्हणाला, "ती तिथे आहे हे तुम्हाला माहीत आहे म्हणून दिसते. तिचे पाय मोजता आले तरच मी दिसली म्हणतो."

"चार आहेत."

"मला ठाऊक आहे चार आहेत. दिसतायत का ते विचारतोय."

अशा माणसाशी काय बोलायचं. पुढच्या अर्ध्या तासाच्या नोंदीला तो दिसली म्हणाला तेव्हाच विमान सुटलं.

२१ नोव्हेंबर

या आठवड्यात सकाळचं विमान तीनदा शहरातून निघून आमच्या डोक्यावर घिरट्या घालून माघारी गेलं. आवाज येतो, विमान येत नाही. न्यायला आलेली माणसं वर बघत उभी राहतात आणि मग माझ्या काउंटरवर येतात. वर ओरडता येत नाही, म्हणून माझ्यावर ओरडतात.

सगळ्यात मोठा आवाज गिरणीवाल्याचा. त्याचा धंदा शहरात आणि घर इथे, म्हणून आठवड्यातून दोनदा विमानात असतो. कालच्या विमानातून माघारी गेलेला, तो आज दुपारी घाटातून बसने येऊन थेट माझ्यासमोर उभा राहिला. "धावपट्टी मला खिडकीतून दिसत होती, व्यवस्थापक. स्वच्छ दिसत होती. माझं घर दिसत होतं, घरावरची वाळत घातलेली चादर दिसत होती. आणि तुमचे कॅप्टन वळले माघारी. यांना उतरता येतं ना नक्की?"

मागे रांगेतलं कुणीतरी म्हणालं, "कॅप्टन माघारराव."

सगळे हसले. मीही हसलो. हसण्यासारखंच होतं.

३ डिसेंबर

ताईकडे जेवायला गेलो होतो सगळे. मी माघाररावाची गोष्ट सांगितली, गिरणीवाल्याच्या आवाजासकट. बायको हसून हसून बेजार. ताई मात्र ताटात बघत राहिली. भाची म्हणाली, "शाळेत पण म्हणतात. माझ्या बाकावर लिहिलंय."

दाजी म्हणाले, "नाव चांगलं आहे. म्हातारपणापर्यंत टिकेल."

मी विचारलं, "पण दाजी, गिरणीवाल्याला धावपट्टी दिसते आणि तुम्हाला कशी दिसत नाही?"

मग त्यांनी उठून खिडकीचा जाळीचा पडदा ओढला. मला म्हणाले, पडद्याला नाक लावून सरळ बाहेर बघा. पलीकडचा दिवा दिसला. मग म्हणाले, आता भिंतीला गाल लावून तिरकं बघा. नुसता पांढरा पडदा. "धुक्याचा थर पातळ असतो. वरून सरळ खाली बघितलं तर घरावरची चादरसुद्धा दिसते. उतरायला लागलं की तिरकं बघावं लागतं. तेव्हा काही नाही. आधी दिसलेलं असतं म्हणून माणूस फसतो. वाटतं, आत्ता होती, पुढेच असेल."

छान समजावतात. म्हटलं, "दाजी, तुम्ही मास्तर व्हायला हवं होतं. वर्गात धुकं नसतं."

ते हसले. ताई म्हणाली, "पुरे आता तुझं." लहानपणी म्हणायची अगदी त्याच सुरात. बरं वाटलं.

१४ डिसेंबर

दाजींची साप्ताहिक सुट्टी. बदलीवर आलेल्या कॅप्टनने आज कमाल केली. धुकं होतं, मफलरने सातशे सांगितलं होतं, तरी हा पठ्ठ्या एका झटक्यात खाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. गिरणीवाल्याने त्याला मिठी मारली. मी स्वतः पेढेच आणणार होतो, पण मफलर लाल होऊन खाली आला आणि म्हणाला, मी हे वर कळवणार. कळव बाबा. सगळं सुखरूप झाल्यावर काय कळवणार?

संध्याकाळी मोठ्या साहेबांचा फोन. आवाज नेहमी गोड असतो त्यांचा. म्हणाले, "एकाला जमतं ते दुसऱ्याला का जमू नये? मी कुणावर दबाव आणत नाही. सुरक्षितता सगळ्यात आधी. पण फेऱ्या अशाच रद्द होत राहिल्या तर उन्हाळ्यात या मार्गाचा विचार करावा लागेल. तुम्ही घरचेच आहात, कॅप्टनच्या कानावर घाला सहज."

मार्ग बंद म्हणजे मी परत डेपोत. आणि दाजी, ताई परत कुठेतरी लांब.

१५ डिसेंबर

सहज कानावर घातलं. दाजी टोपी फिरवत बसले होते. म्हणाले, "काल त्याला टाकी दिसली होती का?"

"दिसली असेल की. उतरला म्हणजे दिसलीच असणार."

"तसंच म्हणायचं," म्हणाले, आणि उठून विमानाकडे गेले. चहा अर्धा राहिला. एरवी कप विसळून ठेवणारा माणूस.

मी काही चुकीचं बोललो असं वाटत नाही. घरच्याने सांगितलेलं बरं असतं, परक्याने बोलण्यापेक्षा.

२९ डिसेंबर

दाजींनी आज बाजी मारली. मफलरने टाकी दिसते म्हटलं, पण जेमतेम. एरवी ते अशा वेळी दोन घिरट्या जास्त घालतात. आज पहिल्याच खेपेला उतरले. चाकं टेकल्याचा आवाज आधी आला आणि विमान नंतर दिसलं. लोक खूश. मी बाहेर जाऊन सगळ्यांसमोर सलाम ठोकला. म्हटलं, "माघारराव गेले, आगेकूचराव आले."

आत आल्यावर चहाचा कप दोन्ही हातांनी घट्ट धरून बसले, प्यायला विसरले. थंडी खरंच फार आहे. कचेरीसाठी हीटर मागवला पाहिजे.

त्यांच्याबरोबरची सहवैमानिक, तरुण मुलगी, एरवी माझ्याशी चार गप्पा मारते. आज ती दाराशीच उभी होती. दाजी गेल्यावर म्हणाली, "काका, त्यांना चिडवू नका ना." मी म्हटलं, अगं, आमचं नातंच थट्टेचं.

४ जानेवारी

ताई कचेरीत आली. ती कधी येत नाही. शाल घट्ट गुंडाळून माझ्यासमोरच्या खुर्चीत बसली, प्रवासी बसतात तशी कडेला.

"अरे, त्यांना थोडे दिवस रजा मिळेल का?"

"का? बरं नाही का?"

"बरं आहे. झोपत नाहीत. पहाटे उठून खिडकीपाशी उभे राहतात. बाहेर काही दिसत नसतं आणि हे बघत असतात. मी विचारलं तर म्हणतात, धुकं वाचतोय."

मी म्हटलं, सीझन आहे, सगळी माणसं शाळांच्या सुट्टीनंतर परत येतायत, बदलीचा कॅप्टन दुसऱ्या मार्गावर गेलाय. महिना संपू दे, मी स्वतः साहेबांशी बोलतो. तिने मान हलवली. जाताना दारात थांबली. "तू त्यांना सांग ना, परत गेलं तरी चालतं म्हणून. माझं ऐकून घेतात, पण घरातल्या बाईचं ऐकणं वेगळं. तू म्हणालास तर पटेल."

"सांगतो की," म्हटलं.

आज राहून गेलं. सामानाच्या काट्याचा घोळ झाला होता. उद्या सांगेन.

९ जानेवारी

लिहवत नाही.

११ जानेवारी

बायको म्हणते लिहून काढा, डोकं हलकं होईल. बघतो.

परवा सकाळी धुकं दाट होतं, पण विमान शहरात गेलं ते त्याआधीच. परत येताना वेळेवर आमच्यावर आलं. मफलरने दहाला सहाशे सांगितलं. दाजी वर फिरत राहिले. कचेरीत न्यायला आलेले लोक. दोन दिवस फेऱ्या रद्द झालेल्या, त्यामुळे सगळे आधीच तापलेले. एक बाई माझ्या टेबलावर हात आपटून विचारत होती, आज तरी उतरणार आहेत का तुमचे माघारराव.

कंपनीचा रेडिओ माझ्याकडे असतो, सामानसुमान, व्हीलचेअर असलं सांगायला. त्यावर दाजींचा आवाज आला. "मेहुणे, वरून पट्टी दिसतेय. तुमच्याकडून कसं दिसतंय?"

मी खिडकीपाशी गेलो. उजळत होतं. सूर्य धुक्याच्या मागे चांदीच्या ताटासारखा दिसायला लागला होता, पाच मिनिटांपूर्वी तोही नव्हता. आणि टाकी दिसली मला. उजवीकडे, जिथे असते तिथे. मी म्हटलं, "टाकी दिसतेय दाजी. उघडतंय. या."

"नक्की?"

"या हो. लोक वाट बघतायत."

एवढंच बोललो. त्यानंतर मफलर जिन्यावरून धावत खाली आला, गळ्यातला मफलर सुटून लोंबत होता. म्हणाला, नदीकडून पुन्हा भरून येतंय, त्यांना सांगतोय पण ते उतरायला लागलेत. मला वाटलं, हा नेहमीसारखा करतोय. मग इंजिनांचा आवाज आला, फार खालून. एकदम जोरात वाढला. वर चढायला बघत होते ते. मग नदीकाठच्या झाडांत लाकूड मोडल्यासारखा आवाज. मग काहीच नाही. त्या बाईचा हात तसाच टेबलावर होता.

आम्ही धावलो तिकडे. धुक्यात कुठे जायचं तेच कळेना. कुणीतरी हाका मारत होतं, त्या आवाजावर गेलो. शेतात विमान आडवं पडलं होतं, पंख मागे झाडांत. मी गिरणीवाल्याला ओळखलं त्याच्या कोटावरून. पुढचा भाग मला बघू दिला नाही. मफलरने मला धरून ठेवलं. त्याच्या अंगात एवढी ताकद असेल असं वाटलं नव्हतं.

चार माणसं गेली. दाजी, गिरणीवाला, एक शिक्षिका आणि तिचे वडील. सहवैमानिक जिवंत आहे, पण पाय आणि बरगड्या गेल्यात. बाकीचे वाचले.

टाकी दिसली होती मला. मी पाहिली होती.

१४ जानेवारी

परवा सगळं उरकलं. ताई रडली नाही. भाची माझ्या बायकोला बिलगून होती. ताई कुणालाच जवळ येऊ देत नव्हती. मी दोनदा गेलो, दोन्ही वेळा ती काहीतरी कामाला उठली. एकदा पाणी भरायला, एकदा उगाच कपाट आवरायला. दुःख आहे, माणूस काय करेल.

माझ्या वाटणीची रडारड मी आज गच्चीवर जाऊन केली. आभाळ लख्ख होतं. या दिवसांत धुकं आठवडाभर बसतं आणि मग एका सकाळी कुठे जातं कळत नाही. पाच दिवस उशिरा का होईना उघडलं.

२३ जानेवारी

शहरातल्या इस्पितळात सहवैमानिकेला भेटायला गेलो. पहाटेच्या बसने घाटातून गेलो, तसंही अजून विमान बंदच आहे. तिच्या आईने मला आत सोडलं, पण स्वतः खोलीत थांबली.

मुलगी छताकडे बघत बोलत होती. "मी त्यांना म्हटलं होतं, परत जाऊ या. कॅप्टन हो म्हणाले. वळवायलाच घेतलं होतं विमान. म्हणाले, जाता जाता एकदा मेहुण्यांना विचारू. मग तुमचा आवाज आला. ते हसले. म्हणाले, मेहुण्यांना दिसतंय म्हणजे दिसतंय."

मी विचारलं, "हसले?"

"हो. बऱ्याच दिवसांनी."

तिने डोळे मिटले. तिची आई म्हणाली, आता पुरे.

परतीच्या बसमध्ये मी सगळा वेळ हाच विचार करत होतो. माणसाचा किती विश्वास असावा. आणि शेवटी हसत होते, चिडचिडीत नव्हते, भीतीत नव्हते. ताईला हे कळलं पाहिजे. तिला तेवढाच आधार होईल.

२४ जानेवारी

ताईला सांगितलं. शब्दाला शब्द, मुलीने सांगितलं तसं. ताई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी राहून ऐकत होती. पूर्ण ऐकलं. मग आत गेली आणि कडी लावून घेतली. मी बाहेरून दोनदा हाक मारली. भाची म्हणाली, "मामा, तू जा आता."

मला ती एरवी "अहो मामा" म्हणून चिडवायची.

२ फेब्रुवारी

चौकशी समितीसमोर बसलो. दोन माणसं. एक वयस्कर, सतत चष्मा पुसणारे. दुसरी बाई, आवाज इतका हळू की पुढे वाकून ऐकावं लागत होतं. त्यांच्याकडे विमानातलं ध्वनिमुद्रण होतं. लावलं. माझाच आवाज मला ओळखू येईना. फार आनंदी वाटत होता.

बाईंनी विचारलं, "कॅप्टनवर उतरण्यासाठी कुणाचा दबाव होता का?"

"नाही."

"कंपनीचा?"

"साहेब तर नेहमी सुरक्षिततेचंच बोलतात." खोटं नाही बोललो. हेच शब्द आहेत त्यांचे.

"तुमचा?"

"माझा कसला दबाव? ते माझे दाजी होते. आमचं हसतखेळत असायचं."

त्यांनी काहीतरी लिहिलं. मग म्हणाल्या, "तुम्ही म्हणालात टाकी दिसते. ती दिसत होती?"

"होय."

"तिला पाय किती आहेत?"

"चार," मी लगेच सांगितलं. वेळ घेतला नाही. या गावात कुणालाही विचारा, चारच.

"त्या दिवशी दिसले ते किती?"

खोलीत पंखा नव्हता, तरी कसलातरी घरघर आवाज येत होता. बहुतेक तेच यंत्र, बंद करायचं राहिलेलं. मी म्हटलं, मोजले नाहीत. वयस्कर गृहस्थांनी चष्मा पुसणं थांबवलं. बाई म्हणाल्या, "ठीक आहे. या तुम्ही."

बाहेर येऊन पाणी प्यायलो. 'या' हा शब्द जायला सांगतानाही वापरतात, हे इतकी वर्षं लक्षात आलं नव्हतं.

१९ फेब्रुवारी

प्राथमिक अहवाल आला. मफलरने दिलेली दृश्यता मर्यादेपेक्षा कमी होती, तरी उतरायचा निर्णय कॅप्टनने घेतला. दोष कॅप्टनचा. हवामान खातं निर्दोष. माझ्याबद्दल एकच वाक्य, की कंपनीच्या कर्मचाऱ्याने दिलेली अनौपचारिक माहिती ग्राह्य धरायला नको होती. दिलेली माहिती चुकीची होती असं कुठेच म्हटलेलं नाही.

साहेबांचा फोन आला. "तुम्ही मोकळे झालात. पुढच्या आठवड्यापासून विमान सुरू. नवे कॅप्टन पाठवतोय. मार्ग चालू राहणार, काळजी करू नका."

मोकळा झालो म्हणजे काय ते मला नीट कळलं नाही. आनंद व्हायला हवा होता. बायकोने चहा केला आणि समोर बसली. ती म्हणाली, "दोष कॅप्टनचा, हे भाची वाचेल ना कधीतरी?"

मफलरने बदली मागितली होती, ती मिळाली. निरोप घ्यायला आला तेव्हा मी म्हटलं, तुमचं तरी नाव स्वच्छ राहिलं. तो खोकला. म्हणाला, "मी दहाला सांगितलं ते बरोबर होतं. पण मग मी गच्चीवर उभा राहून पुढच्या अर्ध्या तासाची वाट बघत होतो. नियम अर्ध्या तासाचा आहे. मधेच, भरून येताना दिसताक्षणी सांगायला कुणी अडवलं नव्हतं." त्याने हात पुढे केला. मी धरला. त्याचा हात गरम होता, ताप असल्यासारखा.

तो आणखी थोडा वेळ उभा राहिला. मी काही बोलेन असं त्याला वाटत असावं.

११ मार्च

ताई गेली. भाचीला घेऊन, दाजींच्या बहिणीकडे, कायमची. मला परवा बायकोकडून कळलं. विमानाची दोन तिकिटं मी काढून ठेवली होती, पण तिने बसच घेतली. आठ तासांची.

सकाळी बसस्टँडवर गेलो. माझंच जुनं ठिकाण, सगळे ओळखतात. ड्रायव्हरने सामान वर चढवायला मदत केली. मी भाचीला पुस्तकं दिली, तिने घेतली, आणि आत जाऊन खिडकीपाशी बसली. ताई खाली उभी होती. अंगावर दाजींचा स्वेटर होता, बाह्या दुमडलेल्या.

मी म्हटलं, "ताई, तू सांगितलं होतंस, मी त्यांना सांगणार होतो. परत गेलं तरी चालतं म्हणून. उद्या सांगतो, उद्या सांगतो करत राहून गेलं."

"हो."

"अहवालात माझं काही नाही आलेलं."

"वाचला मी."

"मग? तू माझ्याशी बोलत का नाहीस? रागाव माझ्यावर. चार शब्द ऐकव. लहानपणी मारायचीस तशी मार हवं तर. पण अशी जाऊ नकोस."

ती माझ्याकडे बघत होती. खूप दिवसांनी सरळ बघत होती. तिने माझ्या शर्टाची कॉलर नीट केली, सवयीने असेल. मग हात मागे घेतला.

"रागवायला माणूस आपलं असावं लागतं," ती म्हणाली, आणि बसमध्ये चढली.

बस सुटली. ताई मागच्या बाजूला बसली होती, मला दिसली नाही. भाचीने काच वर ओढली. गाडी वळणावरून दिसेनाशी झाली तरी इंजिनाचा आवाज घाटात बराच वेळ येत होता. एरवी मी ड्रायव्हरांना सांगायचो, पहिल्या गिअरमध्ये चढवू नका.

तिथून थेट कामावर गेलो. आकाश निरभ्र, डोंगरावरचा एकेक दगड मोजता येईल असं. दहाच्या सुमाराला रेडिओवर नव्या कॅप्टनचा आवाज आला, तरुण आहे, उत्साही आहे. "व्यवस्थापक साहेब, आलो. खाली कसं दिसतंय?"

नुसतं विचारायचं म्हणून विचारलं होतं त्याने. मी रेडिओ तोंडाशी धरला. खिडकीतून सगळं लख्ख दिसत होतं. लोक काउंटरपाशी उभे राहून माझ्याकडे बघत होते.

"मला विचारू नका," मी म्हटलं. "हवामानवाल्याला विचारा."

आणि रेडिओ टेबलावर ठेवला. तो पुन्हा काहीतरी म्हणाला, बहुतेक हसला. विमान वेळेवर उतरलं.